डोकुविकी: 'नोट' प्लगइन सोडून 'रॅप'वर जाताना इशाऱ्यांच्या चौकटींचं काय करावं?

टूलरूम
नमस्कार मंडळी.

एका कारखान्याच्या देखभाल विभागाची विकी मी सांभाळतो. डोकुविकी या विकी सॉफ्टवेअरवर आहे आणि मजकूर जवळपास सगळा मराठीत. पॉवर प्रेस, हायड्रॉलिक प्रेस, कंप्रेसर, क्रेन, पॅनल असं प्रत्येक मशीनचं पान. त्यात मशीन सुरू-बंद करायची पद्धत, तेल-ग्रीसचं वेळापत्रक, ब्रेकडाऊन आला तर आधी काय बघायचं, हे सगळं. रात्रपाळीचा फिटर मोबाइलवर पान उघडतो आणि कामाला लागतो. डोकुविकी घेतली कारण डेटाबेस लागत नाही, प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, सर्व्हर बसला तरी फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं की झालं.

सूचनांच्या चौकटींसाठी सुरुवातीपासून 'नोट' प्लगइन (विकीला जोडायचा छोटा प्रोग्राम) आहे; चौकट हवी तिथे मजकुराभोवती त्याची खूण लिहायची. त्यात चारच प्रकार: साधी नोंद, टिप, महत्त्वाचं आणि इशारा. आता सर्व्हरवर पीएचपी ८ (डोकुविकी ज्या भाषेत लिहिली आहे तिची पुढची आवृत्ती) यायचं आहे आणि आमच्याकडची नोटची प्रत फार जुनी आहे. रकान्यांसाठी आणखी एक प्लगइन, रंगासाठी तिसरं, छपाईत काही भाग लपवायला चौथं. ही सगळी कामं 'रॅप' हे एकच प्लगइन करतं, म्हणून या निमित्ताने सगळं रॅपवर न्यावं असं माझं मत झालंय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सगळी पानं एका दमात बदलावीत, की जी दुरुस्तीला उघडतील ती तेव्हा? आणि नोटमधला 'इशारा' रॅपमध्ये कशात घालायचा? तिथे अलर्ट आहे, वॉर्निंग आहे, डेंजर आहे, कॉशन आहे. आमचा आयटीवाला म्हणतो, फाइंड-रिप्लेस मारू, पंधरा मिनिटांचं काम. माझं मन घेत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर सांगा.

वाटसरू
वाचतोय. आमच्याकडेही हाच प्रश्न दारात उभा आहे.

रेजेक्सराव
एका दमातच करा. अर्धी पानं जुन्या खुणांची आणि अर्धी नव्या, अशी विकी वर्षभर लोंबकळत राहते आणि नवीन माणूस जे पान समोर दिसेल त्याची नक्कल करतो. म्हणजे जुन्या खुणा कमी व्हायच्या ऐवजी वाढतात.

साधन म्हणाल तर 'बॅचएडिट' प्लगइन घ्या. ॲडमिनच्या पानावरून चालतं. शोधायचा नमुना रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचे साचे लिहायच्या पद्धतीत) देता येतो, एकाच नेमस्पेसपुरता (विकीतल्या पानांच्या फोल्डरपुरता) शोध मर्यादित करता येतो, आणि बदल करण्याआधी सापडलेली प्रत्येक जागा आजूबाजूच्या मजकुरासकट दिसते. हव्या तेवढ्याच जागांवर टिक करून बदल लावायचा. पान नेहमीसारखंच सेव्ह होतं, त्यामुळे इतिहासात नोंद राहते आणि चुकलं तर मागची आवृत्ती परत आणता येते.

सर्व्हरवर शिरून थेट फाइलींवर सेड (मजकूर बदलणारी कमांड) चालवायचा मोह होईल. तो टाळा. डोकुविकीला तो बाहेरून झालेला बदल दिसतो; कुणी केला, कशासाठी केला हे इतिहासात उरत नाही. कमांड लाइनच हवी असेल तर डोकुविकीच्या बिन फोल्डरमध्ये डीडब्ल्यूपेज नावाची स्क्रिप्ट असते. तिने पान बाहेर काढायचं, बदलायचं आणि बदलाचा शेरा लिहून परत भरायचं.

आणि मुख्य म्हणजे हे पीएचपी बदलायच्या आधी उरका. प्लगइनमधल्या फंक्शनची सही (त्याचं नाव आणि त्याला द्यायच्या गोष्टींची यादी) डोकुविकीच्या मूळ क्लासशी जुळत नसेल तर पीएचपी ७ नुसती कुरकुर करायचं, ८ मध्ये तो थेट फेटल एरर आहे, प्रोग्राम तिथेच थांबतो. जुन्या डोकुविकी प्लगइनांची हीच दुखरी जागा. आज नोट आणि रॅप शेजारी शेजारी चालतील, दोघांच्या खुणा वेगळ्या आहेत. पीएचपी बदलल्यावर ती सोय राहील याची खात्री नाही.

अश्विनी१९
आधी नोटचीच ताजी प्रत टाकून बघितलीत का? चालली तर निदान घाई तरी राहणार नाही.

कुंभार्ली
रेजेक्सरावांशी साधनाबद्दल सहमत. पण फाइंड-रिप्लेसच्या तावडीतून सुटणाऱ्या आणि नको असताना सापडणाऱ्या जागा सांगतो, नंतर शोधत बसायला नको.

नको असताना सापडणारी: 'विकीवर लेखन कसं करावं' हे पान. प्रत्येक विकीत असतंच. त्यात नोटची खूण उदाहरण म्हणून कोड ब्लॉकमध्ये (मजकूर जसाच्या तसा दाखवणाऱ्या चौकटीत) लिहिलेली असते. रिप्लेसला कोड ब्लॉक कळत नाही. ते पान हाताने नव्याने लिहा, नाहीतरी त्यात आता रॅपच शिकवायचं आहे.

सुटणारी: टेम्प्लेट. नेमस्पेसमध्ये अंडरस्कोर-टेम्प्लेट नावाची टेक्स्ट फाइल ठेवली असेल तर नवीन पान तिच्यातला मजकूर घेऊन उघडतं. एक अंडरस्कोर असेल तर त्याच नेमस्पेसपुरती, दोन असतील तर खालच्या नेमस्पेसनाही लागू. अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फाइली डोकुविकी पान म्हणून मोजत नाही, त्यामुळे त्या शोधात येत नाहीत. सगळी पानं चकाचक होतात आणि पुढच्या आठवड्यात नवीन मशीनच्या पानावर पुन्हा नोट हजर! सर्व्हरवरच्या पानांच्या फोल्डरमध्ये जाऊन त्या फाइली डोळ्यांनी शोधा.

रॅपच्या खुणांबद्दल एक: कॅपिटल अक्षरांतला रॅप म्हणजे स्वतंत्र चौकट, स्मॉल अक्षरांतला म्हणजे ओळीच्या आतला तुकडा. रिप्लेसचा नमुना लिहिताना सुरुवातीची खूण एका पद्धतीने आणि शेवटची दुसऱ्या पद्धतीने झाली तर पानभर कच्च्या खुणा दिसतात. मजकूर जात नाही, पण दिसतं भयंकर.

रेजेक्सराव
टेम्प्लेटचा मुद्दा लाखमोलाचा. माझ्या यादीत घेतला.

हेल्मेटवाली
टूलरूम, तुमचं मन घेत नाही ते योग्यच आहे. मी सुरक्षा विभागात काम करते आणि मला तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा वाटतो.

रॅपमध्ये चौकटींचे दोन वेगळे संच आहेत. पहिला रोजच्या वापराचा: इन्फो, टिप, इम्पॉर्टंट, अलर्ट, हेल्प, डाउनलोड, टुडू. दुसरा सुरक्षेचा: डेंजर, वॉर्निंग, कॉशन, नोटिस, सेफ्टी. हा दुसरा संच मनाने ठरवलेला नाही. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ या मानकात हेच शब्द आहेत, आणि त्यांना नेमून दिलेले अर्थ आहेत. परदेशी मशीनवरच्या स्टिकरवर तुम्ही ते रोज बघता.

डेंजर, लाल: टाळलं नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणार.
वॉर्निंग, नारिंगी: मृत्यू किंवा गंभीर इजा होऊ शकते.
कॉशन, पिवळा: किरकोळ किंवा मध्यम इजा होऊ शकते.
नोटिस, निळा: माणसाला इजा नाही, मशीनचं किंवा मालाचं नुकसान.
सेफ्टी, हिरवा: सुरक्षित कामाची पद्धत.

आता तुमच्या नोटमधल्या 'इशारा' चौकटी डोळ्यांसमोर आणा. हायड्रॉलिक प्रेसचा पंप बंद केला तरी ॲक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीत) दाब राहतो, तो सोडल्याशिवाय होज सैल करायची नाही, हा इशारा. ड्राइव्हचा मेन स्विच बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हाही इशारा. कंप्रेसरचा डिलिव्हरी पाइप गरम असतो, हात लावू नका, तोही इशारा. आणि बेअरिंगमध्ये दोन वेगळ्या जातींची ग्रीस मिसळू नका, तिथेही तीच लाल चौकट. नोटमध्ये यासाठी एकच जागा होती म्हणून सगळे तिथे जमा झाले. त्यांना एका फटक्यात 'रॅप वॉर्निंग' केलंत तर ग्रीस आणि ॲक्युम्युलेटर पुन्हा एकाच रंगात बसतील, आणि या वेळी एका मानकाचा शब्द लावून बसतील. ते आधीपेक्षा वाईट. वाचणाऱ्याला वाटेल की कुणीतरी विचार करून पातळी ठरवलेली आहे.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. साधी नोंद इन्फोमध्ये, टिप टिपमध्ये, महत्त्वाचं इम्पॉर्टंटमध्ये, ही तीन खुशाल यंत्राने बदला. इशाऱ्याची प्रत्येक चौकट माणसाने वाचायची. आणि तो माणूस आयटीतला नको. त्या मशीनवर काम करणारा ऑपरेटर, देखभालीचा माणूस आणि सुरक्षा अधिकारी एकत्र बसून.

रेजेक्सराव
मान्य. बॅचएडिटमध्ये इशारा वगळून बाकीचे तीन नमुने चालवता येतात. वर इशाऱ्यांचा नुसता शोध मारून पानांची यादी मिळते, तीच बैठकीची कामाची यादी.

नाना_फिटर
हेल्मेटवाली ताई, तुमचं लिहिणं वाचून फार बरं वाटलं. मी आयुष्यभर प्रेस शॉपमध्ये काढलं, आता निवृत्त आहे. विकी-बिकी आमच्या वेळी नव्हती, मशीनशेजारी टांगलेलं लॅमिनेट केलेलं पान असायचं. पण रोग हाच.

पानावर इतके इशारे असत की खरा इशारा वाचलाच जात नसे. ज्याला जे वाटलं ते त्याने लाल पेनाने लिहिलं. मेकॅनिकल पॉवर प्रेसची मोटर बंद केली तरी फ्लायव्हील (जड चाक) बराच वेळ फिरत राहतं, ते थांबल्याशिवाय डायमध्ये (साच्यात) हात घालायचा नाही, हे वाक्य 'काम झाल्यावर जागा झाडून घ्या' याच्या शेजारी, त्याच लाल शाईत. मी ज्युनिअर पोरांना सांगायचो, ते वाक्य पाठ कर, बाकीचं नंतर वाच.

म्हणून टूलरूम साहेब, बैठकीला बसाल तेव्हा निम्म्या चौकटी काढूनच टाका. जागा झाडणं साध्या ओळीत लिहिलं तरी चालतं. एका पानावर डेंजरची चौकट एखादीच असावी आणि ती पद्धतीच्या आधी असावी. होज सैल केल्यानंतरच्या ओळीत 'आधी दाब सोडा' लिहून उपयोग काय?

हेल्मेटवाली
नाना, चौकट कृतीच्या आधी हवी हा मुद्दा मी लिहायला हवा होता. धन्यवाद.

सातारकर_बंगळुरू
थोडा वेगळा सूर लावतो. आज नोटमधून बाहेर पडताना जो त्रास होतोय, तोच उद्या रॅपमधून बाहेर पडताना होईल. प्लगइनची खूण ही त्या प्लगइनपुरतीच असते. प्लगइन बंद केलं की पानावर कोनी कंसातली कच्ची खूण दिसते, रंग नाही, चौकट नाही. पॅनडॉक डोकुविकीचा मजकूर वाचून दुसऱ्या रूपात देतं, पण प्लगइनांच्या खुणांचं ते काय करणार?

मी आमच्या टीममध्ये नियम केला: ठळक अक्षरं, याद्या, तक्ते, एवढंच. इशारा असेल तर ओळीची सुरुवात ठळक 'धोका:' अशी. हे कुठेही नेलं तरी टिकतं. कारखान्याची विकी तर दहा-वीस वर्षं जगायला हवी. मशीन तितकी जगतात.

टूलरूम
सातारकर, मुद्दा पटतो, पण आमचा फिटर पान मोबाइलवर, हातमोजे काढून, घाईत बघतो. ठळक शब्द त्या स्क्रीनवर हरवतो. रंगीत चौकट हरवत नाही.

श्रवण
दोघांच्या मध्ये बसणारी गोष्ट सांगतो. मी स्क्रीन रीडरवर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) काम करतो, त्यातला एनव्हीडीए वापरतो. माझ्यासाठी चौकटीचा रंग नाही आणि ते उद्गारचिन्हाचं चित्रही नाही. नोट काय आणि रॅप काय, ते चित्र सीएसएसमधून (पानाच्या सजावटीच्या फाइलमधून) पार्श्वभूमीला लावलेलं असतं, त्यामुळे ते वाचलं जात नाही. मला चौकटीतलं वाक्य साध्या परिच्छेदासारखंच ऐकू येतं. तो इशारा आहे हे कळायला काही मार्ग नाही.

म्हणून चौकट ठेवा आणि आत पहिला शब्द ठळक 'धोका' किंवा 'सावधान' असा लिहा. सातारकरांचा नियम आणि टूलरूमची चौकट एकत्र. याचा फायदा डोळस माणसालाही होतो. ब्राउझर छापताना पार्श्वभूमीचे रंग सहसा गाळतो, त्यामुळे कागदावर लाल-नारिंगी फरक उरत नाही, शब्द मात्र उरतो. ज्यांना लाल-हिरवा ओळखायला अडचण आहे त्यांचंही काम होतं.

रॅपची एक सोय नोटमध्ये नव्हती, तिचा जरूर वापर करा: भाषेची खूण. चौकटीच्या खुणेत कोलन आणि भाषेचा कोड लिहिला की त्या भागाला भाषा लागते. विकी इंग्रजी मांडणीत असेल आणि मजकूर मराठी, तर एनव्हीडीए मराठी मजकूरही इंग्रजी आवाजात वाचायला जातं. भाषा लावलेली असेल तर ते आवाज बदलतं. त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या वाचनाच्या आवाजात मराठी आहे.

सातारकर_बंगळुरू
हे मी आमच्याकडे आजच सांगतो. चौकट गेली तरी शब्द राहतो, म्हणजे माझी टिकाऊपणाची काळजीही मिटली.

निर्झरा
भाषेवरून आठवलं. आमच्याकडे उत्तरेकडची बरीच मुलं कामाला आहेत, म्हणून प्रत्येक मुख्य इशारा हिंदीतही ठेवतो. रॅपमध्ये हिंदीचा कोड कोलन लावून 'एचआय', आणि कोलनशिवाय 'एचआय' म्हणजे पिवळा हायलाइट! आमच्या एका सहकाऱ्याच्या पानांवर कोलन राहून गेला आणि सगळी हिंदी पिवळीधमक झाली. ऑपरेटर मंडळींना वाटलं परीक्षेला येणार :-)

हेल्मेटवाली
:-) हिंदी ठेवता हे मात्र फार चांगलं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ मध्येच होतं की लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हव्यात. विकीचं पान ही काही त्या अर्थाने भिंतीवरची सूचना नाही, पण ज्याला वाचायचं आहे त्याला ते समजलंच पाहिजे.

निर्झरा
थोडं अवांतर, पण मराठी पानं असणाऱ्या सगळ्यांच्या कामाचं. पानाचं नाव मराठीत लांबलचक ठेवलं की आमच्याकडे पान सेव्हच होत नसे. कारण शोधायला वेळ गेला. डोकुविकी मूळ सेटिंगमध्ये फाइलचं नाव यूआरएल पद्धतीने लिहिते. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइटचं, आणि प्रत्येक बाइटसाठी टक्केचिन्ह धरून तीन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला नऊ. लिनक्सवर फाइलनावाची मर्यादा बहुधा २५५ बाइट असते. काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. जुन्या आवृत्तीच्या फाइलला तारखेचा आकडा आणि पुढचं शेपूट लागतं, तेही त्यात बसवायचं. हिशेब केला तर पंचवीसेक चिन्हांपुढे गाडी अडते. 'हायड्रॉलिक प्रेस देखभाल वेळापत्रक' हे नाव त्यात बसत नाही.

वाटसरू
म्हणून आमच्या पानाचं नाव 'हाप्रेदेवे' आहे तर! आजवर मला तो कुठल्या तरी देवाचा मंत्र वाटत होता.

कुंभार्ली
निर्झरा, सेटिंगमध्ये फाइलनावाच्या एन्कोडिंगसाठी 'सेफ' आणि 'यूटीएफ-८' असे आणखी दोन पर्याय आहेत. यूटीएफ-८ मध्ये एका चिन्हाला तीनच बाइट लागतात. फक्त हे सेटिंग विकी नवी असतानाच ठरवावं. चालू विकीत बदललं तर आधीच्या फाइलींची नावं आपोआप बदलत नाहीत आणि जुनी मराठी पानं 'अस्तित्वात नाही' अशी दिसू लागतात. म्हणून प्लगइन बदलायच्या कामात हे मिसळू नका. एका वेळी एकच गोष्ट हलवा.

दप्तरदार
कुणी जुन्या आवृत्त्यांबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. बॅचएडिट आजचं पान बदलतं. मागच्या सगळ्या आवृत्त्या ॲटिक फोल्डरमध्ये गुंडाळून ठेवलेल्या असतात, त्यांत नोटच्याच खुणा राहणार. नोट काढून टाकलं की जुनी आवृत्ती उघडल्यावर इशाऱ्याची चौकट दिसणार नाही, कच्ची खूण दिसेल.

रोजच्या कामात याने काही बिघडत नाही. पण अपघाताची चौकशी किंवा आयएसओ ४५००१ (कामाच्या जागेच्या सुरक्षेचं मानक) चं ऑडिट आलं आणि 'अमुक तारखेला ऑपरेटरला काय दिसत होतं' असा प्रश्न आला, तर चौकट दिसत होती हे दाखवता आलं पाहिजे. ॲटिकमधल्या फाइलींना हात लावून खुणा बदलायचा विचारही करू नका. इतिहास बदलला की त्याची किंमतच गेली. सोपा मार्ग म्हणजे बदलाच्या आदल्या दिवशी सुरक्षेशी संबंधित पानांची पीडीएफ काढून तारखेनिशी ठेवा, आणि पूर्ण विकीच्या फोल्डरची एक प्रत बाजूला.

रेजेक्सराव
डोकुविकीत प्रत काढणं म्हणजे फोल्डर कॉपी करणं, त्यामुळे सबब नाही. त्याच प्रतीवर आधी सगळा बदल करून बघता येतो. लोकांना पत्ता लागायच्या आत चुका कळतात.

अश्विनी१९
चौकटींचे रंग आमच्या थीमवर फिके दिसले म्हणून कुणीतरी रॅपच्या फोल्डरमधली सीएसएस बदलली होती, पुढच्या अपडेटला सगळं पुसलं गेलं. स्वतःचे रंग कॉन्फ फोल्डरमधल्या यूजरस्टाइल फाइलमध्ये लिहावेत, तिला अपडेट हात लावत नाही. रॅप प्रत्येक क्लासच्या नावाआधी 'रॅप' आणि अंडरस्कोर जोडतं, तेवढं लक्षात ठेवून लिहायचं. आणि देवनागरीसाठी ओळींमधलं अंतर वाढवा. 'लो' नावाचा क्लास मजकूर बारीक आणि राखाडी करतो, तो मराठीला लावूच नका. जोडाक्षरं आणि रफार मोबाइलवर वाचता येत नाहीत.

टूलरूम
मंडळी, मनापासून आभार. थोडा उशीर झाला कारण काम सुरू केलं होतं.

आयटीवाल्याला हा धागा वाचायला दिला, आणि तो स्वतः बॅचएडिट घेऊन बसला. प्रतीवर आधी केलं. साधी नोंद, टिप, महत्त्वाचं हे तीन प्रकार यंत्राने बदलले. टेम्प्लेट दोन नेमस्पेसमध्ये निघाल्या, त्या हाताने बदलल्या. कुंभार्ली, तुम्ही सांगितलं नसतं तर राहिल्या असत्या. नोटची ताजी प्रत टाकायचा विचारही झाला, पण अश्विनी, आता पातळ्यांचं काम हाती घेतल्यावर चार प्रकारांत परत जायची कुणाचीच इच्छा नव्हती.

इशाऱ्यांसाठी पॉवर प्रेसपासून सुरुवात केली. सुरक्षा अधिकारी, मी आणि त्या प्रेसवरचा ऑपरेटर असे तिघे मशीनशेजारी बसलो, ऑफिसात नाही. पान वाचायचं, मशीनकडे बघायचं, पातळी ठरवायची. फ्लायव्हीलचं वाक्य पानाच्या तळाशी 'महत्त्वाचं' या चौकटीत होतं. 'इशारा' शोधणाऱ्या यादीत ते आलंच नसतं! ते आता डेंजरमध्ये, डाय बदलायच्या पद्धतीच्या वर. याउलट इशाऱ्यातल्या कितीतरी गोष्टी नोटिस निघाल्या: तेलाची श्रेणी, ग्रीस, फिल्टरची दिशा. डाय बदलताना सेफ्टी ब्लॉक (प्रेस खाली येऊ नये म्हणून आधाराचा ठोकळा) लावायची कृती हिरव्या सेफ्टीमध्ये गेली. काही चौकटी नानांच्या सांगण्याप्रमाणे काढून साध्या ओळी केल्या.

एक गोष्ट ऑपरेटरने सुचवली. लॉकआउटची (मशीनची ऊर्जा तोडून कुलूप लावायची) पद्धत प्रत्येक पानावर चौकटीत पूर्ण लिहिली होती आणि पानापानात ती थोडी वेगळी होती. आता तिचं एकच स्वतंत्र पान आहे आणि मशीनच्या पानावर फक्त दुवा आणि त्या मशीनचे आयसोलेशन पॉइंट (ऊर्जा तोडायच्या जागा).

प्रत्येक चौकटीत पहिला शब्द ठळक, श्रवण यांच्या सांगण्याप्रमाणे. भाषेची खूणही लावली. पीडीएफ काढून ठेवल्या. नोट अजून चालू ठेवलंय, हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रिकल पानं व्हायची आहेत. पीएचपीचा बदल त्यानंतर. आयटीने थांबायचं कबूल केलंय.

हेल्मेटवाली
वा! 'महत्त्वाचं' मधून डेंजर निघालं हे माझ्याही सल्ल्याच्या पुढचं आहे. मी ते तीन प्रकार यंत्राने बदला म्हटलं होतं. आता म्हणेन, निदान प्रेस, क्रेन, हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रिकल पानांवरच्या 'महत्त्वाचं' चौकटीही माणसाने वाचाव्यात.

रेजेक्सराव
इलेक्ट्रिकल पानांसाठी: ती चौकट आता इम्पॉर्टंट झालेली असेल, म्हणून शोध त्या शब्दाचा मारा, नेमस्पेस त्यांचीच द्या, काहीही बदलू नका, नुसती यादी छापा.

नाना_फिटर
त्या ऑपरेटरचं नाव पानाच्या शेवटी 'तपासणी' म्हणून लिहा साहेब. पुढच्या वेळी पान बदलताना कुणाला विचारायचं ते कळेल.

टूलरूम
लिहितो, नाना. त्याला विचारून. हायड्रॉलिकची पानं सोमवारी घेतोय, ॲक्युम्युलेटरपासून.

वाटसरू
टूलरूम, झाल्यावर लॉकआउटच्या पानाचा साचा इथे टाकाल का? मशीनची नावं काढून. आम्हाला तिथूनच सुरुवात करायची आहे.

टूलरूम
टाकतो. रॅपच्या खुणांसकट.